येडशी स्टेशनावरची दमणी

प्रवासाला निघण्याआधी सगळं ठरवून टाकायचं, ही माझी जुनी खोड. गाडी कोणती, जेवायचं कुठं, स्टेशनावरून मुक्कामाला न्यायला कोण येणार, हे कागदावर उतरल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या सौ. म्हणतात, तुमच्याबरोबर सहलीला जायचं म्हणजे कचेरीतच जायचं, फक्त डबा मोठा न्यायचा. तर मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं पुण्याहून उस्मानाबादेला निघालो. डाकबंगल्यात आठ दिवस राहायचं, धाराशिवची लेणी पाहायची आणि बाकी वेळ उन्हात खुर्ची टाकून बसायचं, एवढाच बेत होता.

अडचण एकच होती. उस्मानाबादेला रेल्वे जात नाही. छोट्या गाडीनं येडशीला उतरायचं आणि पुढचे सहा कोस सडकेनं जायचं. प्रवासी मोटार होती, पण मोटारीचा वास आला की पहिल्या मैलातच सौं.चं पोट ढवळतं. कचेरीतला एक सहकारी त्या बाजूचा होता. तो म्हणाला, स्टेशनावर टांगा मिळेल न मिळेल, त्यापेक्षा जवळच्या गावच्या पाटलाला लिहा, दमणी पाठवील. दमणी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी, वर कमानीचं छप्पर असलेली. मी त्याच दिवशी लिहिलं. साधं कार्ड पाटील मनावर घेणार नाही म्हणून कचेरीचा छापील कागद घेतला, सहीखाली पद घातलं आणि वर शिक्काही मारला. ‘अमुक तारखेस सकाळच्या गाडीने येडशी स्टेशनावर उतरत आहे. डाकबंगल्यापर्यंत चांगल्या वाहनाची तजवीज ठेवावी.’ उलट टपाली उत्तर आलं, ‘हुकमाप्रमाणे तजवीज ठेवली आहे.’ ते मी सौं.ना मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. त्या गावाचं नाव इथं मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात दोष गावाचा नव्हता.

कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडून छोटीत बसलो. ही गाडी इतकी सावकाश चालते की माणसं उतरून शेतातला हरभरा उपटून परत चढतात, असं ऐकलं होतं. आमच्या डब्यातल्या एकानं ते खरंच केलं. बार्शी मागं पडली आणि दोन्ही बाजूंना ज्वारी लागली, दाण्यात आलेली, हिरवीगार. आदल्या दिवशी येळवस झाली होती. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी इकडची झाडून सगळी माणसं शेतात जाऊन जेवतात. समोरच्या बाईनं फडक्यातून बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) काढले, त्यांवर भज्जी वाढली आणि आम्हाला घ्याच म्हणून बसली. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, पावटा, मिळेल ती पालेभाजी असं सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. शिळी भज्जी जास्त गोड लागते, असं बाई म्हणाली. खरंच लागली. वर घशाला आंबट आंबील मिळाली आणि माझ्या कागदावरचं ‘पोहे, दहा वाजता’ आपोआप रद्द झालं.

येडशीला उतरलो तर दमणी उभी होतीच. धुतलेलं छप्पर, आत नवं कांबळं, पांढऱ्या बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. गाडीवान पन्नाशीचा, करड्या दाढीचा, उंच माणूस होता. नाव रसूल. गाडीबैल त्याचेच होते. त्यानं वाकून सलाम केला तो इतका वाकून, की मी जरा चपापलो; पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. वयानं माझ्याहून मोठा असूनही मी त्याला अरे-तुरेच करत होतो.

कार्यक्रमाप्रमाणे आधी वाकडी वाट करून रामलिंग पाहायचं होतं. ते ऐकल्यावर रसूल थोडा घुटमळला. देऊळ परत जाताना बघितलं तर चालंल का, असं त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, कार्यक्रम ठरलेला आहे. त्यानं मान डोलावली. बैल मात्र त्यानं असे दामटले की सौं.ची कंबर दुखायला लागली, आणि मी त्याला चांगलंच झापलं. सामान आहे, बायकामाणूस आहे, घाई कसली एवढी, असं मी बरंच काही बोललो. त्यानं कासरा आवरला. पण दर थोड्या वेळानं तो मान बाहेर काढून सूर्य कुठं आला ते बघत होता, आणि मला त्याचाही राग येत होता.

रामलिंग दरीत आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की झाडी दाट होते, हवा गार होते आणि ओढा देवळाला वळसा घालून वाहताना दिसतो. पौषाच्या तोंडाला पाणी फार नव्हतं, पण दगडावर बसून पाय सोडण्याइतकं होतं. मी दर्शन घेतलं, पाय सोडले, आणि तेवढ्यात एका वानरानं माझी पिशवी उचलली. चिवडा, संत्री आणि माझा कार्यक्रमाचा कागद, सगळं त्याच्याकडं गेलं. चिवडा त्यानं खाल्ला. कागद मात्र चावून बघितला आणि थुंकला. मी खालून बराच वेळ त्याला रागावत होतो.

मी वर आलो तेव्हा सौ. दमणीच्या सावलीत रसूलशी बोलत बसल्या होत्या. त्यांनी त्याला पोळीभाजी दिली होती. त्यानं ती हातात नुसतीच धरली होती. सौं.चा चेहरा बघून मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"अहो," त्या म्हणाल्या, "यांना वाटतंय तुम्ही अंमलदार आहात. दौऱ्यावर आलायत."

मग त्यांनीच मला सगळं सांगितलं. निजामाच्या अमलात दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराला गावानं गाडीबैल द्यायचे, पाळीपाळीनं, फुकट. त्याला वेठ म्हणायचे. कायद्यानं ती कधीच बंद झाली होती. पण शिक्क्याचा कागद आल्यावर पाटलानं चावडीवर जन्मभर जे केलं तेच केलं. पाळी कुणाची ते पाहिलं. पाळी रसूलची निघाली. आणि आज रसूलला त्याच्या लेकीला आणायला जायचं होतं. जैतून तिचं नाव. पहिलं बाळंतपण, ते आईकडं व्हायचं. सतवासा (सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण) झाला होता, पण घरातल्या आजारपणानं तिला आणणं लांबत गेलं. त्यांचा महिना चांदाचा. आज संध्याकाळी चांद दिसला की तिला आठवा लागणार. आणि आठव्यात पोटुशी बाई वेस ओलांडत नाही. आज सूर्य बुडायच्या आत ती सासरच्या गावाबाहेर पडली नाही, तर बाळंतपण सासरीच. जैतूनच्या थोरल्या बहिणीचं सासरीच झालं होतं. ती त्यातून उठली नव्हती.

मी विचारलं, "अरे, मग सकाळीच सांगायचं नाही का?"

"हुकूम हाय म्हणल्यावर बोलायचं कसं, साहेब?" रसूल म्हणाला. "तुमाला पोचवून मागं फिरलो असतो. बैल चांगले हाईत माझे. पोचलो असतो, असं वाटलं."

बैल कितीही चांगले असते तरी तो पोचला नसता. मी हिशेब करण्यात पटाईत आहे, मला ते लगेच कळलं. आणि वरून मी त्याला रामलिंगला आणून दोन तास बसवला होता.

आयुष्यात मी फार थोड्या वेळा माफी मागितली आहे. त्या दिवशी उभ्यानंच मागितली. म्हणालो, "रसूलभाई, मी साहेब नाही. हेडक्लार्क आहे. सुट्टीत हिंडायला आलोय. तो कागद मी रुबाबासाठी वापरला. माझं चुकलं."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच पाहिलं म्हणा.

"म्हंजे आज पाळी न्हवती?"

"नव्हती. तुम्ही नाही म्हणू शकला असता."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं पोळीची घडी करून मुंडाशात ठेवली, उठला आणि बैल जुंपायला लागला. लेकीचं गाव उस्मानाबादच्या सडकेपासून दीड कोस आत होतं. आधी तिकडं, असं मी म्हणालो. सौ. तोवर दमणीत चढल्याही होत्या. पुढं कसं जायचं, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, मोटारीनं जाऊ, एक दिवस ओकले तर मी काही मरत नाही. या वेळी बैल दामटले तेव्हा त्यांनी कमरेचं नावही काढलं नाही.

सडक सोडल्यावर गाडीवाट लागली, काळ्या मातीची, दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर उंच. कुठंतरी हुरडा भाजत होते, त्याचा वास येत होता. एका शेतातून कुणीतरी रसूलभाईंना थांबायला हाक मारली. त्यांनी नुसता हात हलवला. आम्ही पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं.

जैतूनची सासू दाराबाहेर ओट्यावर बसली होती. सत्तरीची, बारीक, ताठ म्हातारी. शेजारी गाठोडं होतं, आणि ते सोडलेलं होतं. सकाळपासून तिनं वाट पाहिली होती. रसूलभाई पुढं गेले, सलाम केला. तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ऊन उतरलं," ती म्हणाली. "आता न्हाय पाठवत. लेकीची फिकीर असती तर बाप सकाळी आला असता. आता हितंच होईल तिचं."

रसूलभाई खाली मान घालून उभे राहिले. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, वेठ सांगितली नाही, काहीच नाही. दाराच्या आत पडद्यामागं एक पोर उभी होती. तिचे नुसते पाय दिसत होते. अंगठ्यानं ती जमीन उकरत होती.

मी ओट्याजवळ गेलो. म्हणालो, "आजी, यांचा दोष नाही. मी खोटा रुबाब करून यांची गाडी अडवली. मी सरकारी कामावर नव्हतो, तरी तसा कागद धाडला. चूक माझी आहे."

म्हातारीनं मला पायापासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"लई अंमलदार बघितले म्या," ती म्हणाली. "चूक माझी म्हणणारा एक न्हाय बघितला. तुमी साहेब न्हाईत, ह्ये खरं दिसतंय."

आणि लगेच आत वळून तिनं गाठोडं बांधायला सांगितलं. मग जी धांदल उडाली ती विचारू नका. दोन बायकांनी कपडे भरले, तिसरीनं उंडे बांधून दिले. जैतून बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल, रडून डोळे सुजलेले. म्हातारीनं तिच्या दंडाला इमाम-जामीन बांधला (प्रवासाला निघणाऱ्याला राखण म्हणून बांधतात ती कापडाची पट्टी), गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नीट जा. नीट ये." इतका वेळ कठोर वाटलेली बाई सुनेच्या काळजीनंच चिडली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दमणीत चढताना पोरीनं सौं.चं मनगट घट्ट धरलं ते सडक येईपर्यंत सोडलं नाही.

मी मागून चालत निघालो. आम्ही वेशीबाहेर आलो तेव्हा सूर्य ज्वारीच्या कणसांना टेकला होता. अजून बुडाला नव्हता. मी दोनदा खात्री करून घेतली. पुढच्या ओढ्यापाशी अंधारायला लागलं आणि पश्चिमेला चांद दिसला, अगदी बारीक. रसूलभाईंनी बैल थांबवले, दोन्ही हात उघडून पुटपुटले आणि तोंडावरून फिरवले. जैतून आतून हसली. मीही उगाच हात जोडले.

सडकेवर शेवटची मोटार मिळाली. दमणीतून उतरताना बोलता बोलता सौं.नी जैतूनला आमची परतीची तारीख सांगितली होती. मोटारीत त्यांना दोनदा उलटी झाली. खिडकीला टेकून, लिंबू हुंगत, म्हणाल्या, "तरी बरं झालं."

पुढचे आठ दिवस छान गेले. लेणी पाहिली, दर्ग्याच्या आवारात निंबाखाली बसलो, हुरडा पोट दुखेपर्यंत खाल्ला. डाकबंगल्याच्या खानसाम्याच्या हाताला चव होती. कागद वानरानं नेला तो नेलाच. मी नवा केला नाही. परतीच्या गाडीचीही तजवीज मी कुणाकडं केली नाही. कुणाला काही लिहायचा धीरच होत नव्हता. मोटारीनंच येडशी गाठायची, असं ठरवून सौं.नी लिंबं आणून ठेवली होती.

निघायच्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता बाहेर घुंगरं वाजली. व्हरांड्यात आलो तर दमणी उभी. रसूलभाई बैलांच्या पाठी पुसत होते. रातोरात सहा कोस आले होते. मी म्हणालो, "रसूलभाई, मी तर या वेळी कुणालाच लिहिलं नव्हतं."

"व्हय," ते म्हणाले. "कुणी सांगितलं न्हाय, म्हणून तर आलो."

डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. जैतून बरी आहे, आईजवळ निजते, खाते-पिते, हे त्यांनी सौं.ना सांगितलं. आम्ही सावकाश निघालो. वाटेत मी त्यांच्या शेजारी, पुढच्या बाजूला बसलो.

येडशीहून गाडी सुटली तेव्हा ते फलाटावर उभे होते. त्या दिवशी त्यांनी सलाम केला नाही. हात वर केला, मीही केला. नोकरीच्या पंचवीस वर्षांत शिक्क्याच्या कागदावर मी कितीतरी गाड्या मागवल्या, आणि त्या सगळ्या वेळेवर आल्या. पण न बोलावता माझ्यासाठी आलेली गाडी ती एकच.