यायेरीच्या आनंदाची चौकशी

कबालेच्या आमच्या डोंगरात यायेरी कोबुसिंग्येइतकी हसरी विधवा दुसरी नाही, आणि काही लोकांना नेमकं तेच खुपतं. गेल्या पावसाळ्यात भरदुपारी उतार घसरला. तिचं घर, ज्वारीचं शेत आणि गाभण शेळी, सगळं दरीत गेलं. चौथ्या दिवशी बघावं तर ही बाई चिखलातून पातेली उकरतेय आणि तोंडाने येशूची गाणी चालू. म्हातारी बिथरली, असंच लोकांना वाटलं.

आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत दर गुरुवारी प्रत्येकाने उभं राहून आपलं पाप उजेडात आणायचं असतं. पोटात ठेवलं की ते कुजतं. त्या गुरुवारी आमचे पुढारी झबुलोनी यांनी फर्मान काढलं. यायेरीचा आनंद म्हणजे सोंग आहे, दुःख लपवणं हा गर्वच, तेव्हा कबुली दिल्याशिवाय तिने गाणं सुरू करायचं नाही. तीस वर्षं आमचं पहिलं गाणं तीच उचलते. तिच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. मला झबुलोनींचा असा राग आला की माझं त्या आठवड्याचं पाप तिथेच तयार झालं.

यायेरी उठली, डोक्याचा रुमाल सारखा केला.

"तीन दिवस मी प्रार्थना केली नाही. देवाला एवढंच सुनावलं, माझ्या दारात येऊ नकोस, दारच उरलेलं नाही."

मग ती झबुलोनींकडे वळली.

"चौथ्या दिवशी पेरागिया कुदळ घेऊन आली. दोघी उकरत होतो आणि मला एकदम भाऊ झबुलोनी आठवले. डोंगर घसरला तेव्हा रेडिओ छातीशी धरून पळत होते, बायको मागून हाका मारत होती. मी हसले. भावाला हसले, हे माझं पाप."

पेरागिया म्हणजे झबुलोनींचीच बायको. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे गदगदत होते.

"हसता हसता रडू फुटलं, आणि तेव्हा कळलं, येशू तिथेच चिखलात होता. मी हाकललं तरी गेला नव्हता. हा आनंद माझा असता ना भाऊ, तर शेळीबरोबर तोही दरीत गेला असता."

आता पाळी झबुलोनींची होती, नियम त्यांचाच. ते उठले आणि हातातल्या टोपीकडे बघतच बायकोला म्हणाले, "मी तुला टाकून पळालो. तेव्हापासून तुझ्याकडे बघायची लाज वाटते."

पेरागिया म्हणाली, रेडिओ तरी वाचला. सगळे हसले, झबुलोनीही हसले आणि हसता हसता रडले. मीही रडलो, सांगायला हरकत नाही.

डोळे पुसून ते म्हणाले, "बहीण, गाणं सुरू करा."

"थांबा भाऊ, एक पाप राहिलं," यायेरी म्हणाली. "तुमची गोष्ट सांगताना मला फार मजा आली."

आणि क्षमेची वाट न बघता तिने गाणं उचललं.