बंदरावरून आणलेला निरोप

भातकुलीकडच्या आमच्या गावात इंग्रजी शिकलेला मी पहिलाच. घरात माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ते मला आवडायचं.

मी लहान असताना शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधाच्या मारामारीत काकांच्या हातून एक माणूस मेला. त्यांना सात वर्षांची सजा झाली. समुद्राकाठी कुठंतरी नेलं, एवढंच आम्हाला ठाऊक. सजा संपून तीन वर्षं गेली तरी ते आले नाहीत, तेव्हा गवताचा पुतळा करून अग्नी द्यावा, असं मीच म्हटलं.

"मेले म्हून कोनं पायलं?" काकूनं विचारलं. वडिलांनी माझं ऐकलं. काकूनं बांगड्या फोडल्या.

पुढच्याच वर्षी, अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचे भाव चढलेले असताना, मुंबईत मी ज्या शेठकडं कारकून होतो, त्याचं कापसाचं गलबत कोकणातल्या एका आडबंदरात अडकलं. शेठनं मला तिकडं पाठवलं. तिथला धक्का कैद्यांनी बांधलेला, रस्ता कैद्यांनी फोडलेला. कैदखाना आता ओस होता. सुटलेले दोघे-चौघे तिथंच राहिले होते.

धक्क्यावर एक म्हातारा वांगी विकत होता. खलाशाला म्हणाला, "काहून दाबून राहिला बे? घ्याची असन तं घे."

कोकणात ही बोली? मी गाव विचारलं. त्यानं आमचंच सांगितलं, मग नाव सांगितलं. ते माझे काका होते.

त्यांनी माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "सायेब झाला रे तू!"

"घरी का नाही आलात?"

"मानूस मारून कोन्या तोंडानं येऊ? तुमच्या सोयरिकी मोडल्या असत्या."

मी पुतळ्याचं सांगितलं. ते खो खो हसले. "मंग आता पुन्हा पाळन्यात घाला मले!"

मी म्हटलं, शास्त्रात खरंच तशी सोय आहे. परत आलेल्याचं बारसं करतात, बायकोशी पुन्हा लग्न लावतात. तसं त्यांचं हसू थांबलं.

"तिले इचार. हो म्हनली तं येतो. पन तिलेच इचारजो, तुह्या बापाले नाही."

गावी आलो तर अकोल्याच्या एका मोठ्या घरातून मला सोयरीक आलेली. कैदी चुलता आता कशाला उकरायचा? लग्न होऊ दे, मग विचारू, असं ठरवलं. माझ्या हळदीला काकू आली नाही. विधवा कशी येणार? ती चुलीपुढं पुरण घाटत बसली. लग्नानंतर सासऱ्यांची भीड आड आली. वर्ष गेलं.

शेवटी सांगितलं, तेव्हा काकू भाकरी थापत होती.

"हो म्हनायले मले काय लागत होतं?" ती म्हणाली. "इचाराचं तरी होतं."

त्याच आठवड्यात मी निघालो. काकांचा वांग्यांचा वाफा आता एका कोळणीकडं होता. ती म्हणाली, प्रत्येक गलबताला म्हातारा धक्क्यावर यायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी एका गलबतावर चढून गेला. कुठं, ते तिला माहीत नव्हतं.

परत येऊन काकूला तेवढं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मी नाही म्हनली, असं तं नाही ना वाटलं त्याइले?"