नर्सबाईला दाखवलेली वाट

भंडाऱ्याला नर्सच्या ट्रेनिंगला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरांनी एकेकीला उभं करून विचारलं, "तुमच्या गावात नर्सला काय म्हणतात?"

कुणी म्हणाली दाई, कुणी सिस्टर, कुणी नुसतंच बाई. एक म्हणाली सुईवाली, आणि वर्ग हसला. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि उभीच राहिले. आमच्या गावात नर्स या शब्दाचा अर्थ होता, पळा. तो सांगायचा कसा?

सिस्टरांना शब्दांची भारी हौस. दाई म्हणजे मुळात बाळाला दूध पाजणारी, संस्कृतातली धात्री, असं त्यांनी सांगितलं. सुईणीचा सुईशी काही संबंध नाही, ती प्रसूतीतल्या सूतीची. परिचारिका म्हणजे आजाऱ्याच्या भोवती वावरणारी. आणि इंग्रजीतला नर्स हा शब्दही दूध पाजण्यापासूनच निघाला, आजाऱ्याची सेवा हा अर्थ त्याला पुढे चिकटला. रोपं वाढवतात ती नर्सरीही त्यातलीच. हे ऐकून आम्ही धानवाल्या पोरी खूश झालो, कारण रोवणीआधी, म्हणजे धानाच्या लावणीआधी, बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे टाकून ती कोवळी रोपं जपणं आम्हाला पाठ होतं. सगळ्या वहीत लिहून घेत होत्या. माझा हात मात्र चालेना. दूध पाजणारी हा अर्थ मला नऊ वर्षांची असताना कुणी सांगितला असता, तर फार बरं झालं असतं.

आमचं गाव आसगावापासून पायी तासाभराच्या अंतरावर. नर्सबाई शेजारच्या गावात राहायची आणि सायकलवर यायची. पांढरं लुगडं, हँडलला काळी पिशवी. ते आणीबाणीचे दिवस होते. नर्सबाई ज्या घरी जाते त्या घरची बाई नसबंदीच्या ऑपरेशनला नेतात, पोट कापतात आणि मग ती बाई शेतात वाकू शकत नाही, असं गावात पक्कं ठरलं होतं. गरोदर बाया धान साठवायच्या ढोलीमागे लपायच्या. माझा बाप तर चावडीवर मोठ्यानं सांगायचा, "माह्या दारात आली तं तंगडी तोडीन."

तरी ती रोज यायची, आणि गावानं तिच्यासाठी एक रीतच पाडली होती. पिंपळापाशी वाट फुटायची. उजवीकडे वस्ती, डावीकडे बोडी, म्हणजे आमचा लहान तलाव, आणि त्याच्या पलीकडे दोन-चार घरं. नर्सबाईनं कुणाचंही घर विचारलं की लहानथोरांनी बोडीकडे बोट दाखवायचं. "ते तं बोडीकडं राह्यते, बाई." आमची आळी आणि बौद्धांची आळी यांचं एरवी कशावर जमायचं नाही, पण या बोटावर साऱ्या गावाचं एकमत. आम्हा पोरांना तर तो खेळच वाटायचा.

त्या वर्षी मायला दिवस गेले होते. ऐन रोवणीत, आदल्या संध्याकाळपासून तिचं पोट दुखायला लागलं. गावची सुईण रात्रभर बसून होती. सकाळी मायचं ओरडणं थांबलं आणि ती नुसती कण्हायला लागली. ओरडण्यापेक्षा मला त्या कण्हण्याचीच जास्त भीती वाटली. बाप कुणाला काही न सांगता कुठं तरी निघून गेला. आजीनं मला घराबाहेर काढलं. "येथी नोको बसू वं, जाय पिंपळाखाली."

मी पारावर बसले. सारं गाव शेतात, बांध्यांमध्ये, वाटेवर चिटपाखरू नाही. माय मरते की काय, एवढंच डोक्यात. आणि समोरून नर्सबाईची सायकल आली.

हिला कसं कळलं? माय आत पडलेली, तिला लपताही येणार नाही. नर्सबाईनं एक पाय टेकवला, धापा टाकत माझ्या बापाचं नाव घेतलं आणि विचारलं, "त्याहिचं घर कोणतं, पोरी? लवकर सांग."

मी बोडीकडे बोट दाखवलं.

तिनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग सायकल डावीकडे वळवली आणि जोरात पायडल मारत गेली. मी घराकडे धूम ठोकली. "बुढे, नर्सबाई आली होती! म्या बोडीकडं धाडलं तिले!"

आजी म्हणाली, "बरं केलंस, माह्या बाई." आणि तशा घाईतही तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. इतकं कौतुक तिनं माझं कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळानं बाप आला. गुडघ्यापर्यंत चिखल. "नर्सबाई कोठी हाये? मी बोलावून आणलं तिले. माह्यापुढं सायकलनं आली."

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मी तशीच वळले आणि पळाले.

तेवढी वाट मी आजवर कितीदा तरी पळाले आहे, झोपेतसुद्धा. बोडीच्या पाळीवर, त्या बांधावरच्या चिखलात नर्सबाईची सायकल रुतली होती आणि ती काटकीनं चाकातला गाळ काढत होती. मला पाहून तिनं काटकी फेकली. मला वाटलं, आता ही मारते.

"घरी हाये," मी म्हटलं. "माय घरी हाये."

तिनं सायकल तिथंच टाकली, पिशवी काखोटीला मारली आणि माझ्याबरोबर पळायला लागली. पळता पळता म्हणाली, "तुमच्या गावात बोट दाखवते त्याच्या उलट्याच बाजूले जातो मी. आज तुह्या बापानं बोलावलं, म्हणून तुह्यावर भरवसा ठेवला."

पुढं मी दाराबाहेर होते. आतून मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता, कधी मायला चढा, कधी सुईणीला हळू. बाळ झालं, मुलगा. तो रडला नाही. ती त्याच्या तोंडात फुंकर घालत होती, पाठ चोळत होती, पुन्हा फुंकर घालत होती, हे मला फटीतून दिसलं. मग तिनं त्याला बाजूला ठेवलं आणि मायकडे वळली, कारण मायचं रक्त थांबत नव्हतं. ते तिनं थांबवलं. माय वाचली. पोट कुणी कापलं नाही.

बापानं विचारलं, "एवढा उशीर काहून झाला बाई?"

मी भिंतीला चिकटले. ती हात धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायकल फसली चिखलात. वाट चुकली माही." आजीनं मान खाली घातली.

ती निघाली तेव्हा मी तिच्यामागे पिंपळापर्यंत गेले आणि विचारलं, लवकर आली असती तर भाऊ जगला असता का. ती म्हणाली, "मले नाही मालूम, पोरी." त्या प्रश्नाचं उत्तर आता मला येतं. ते मी कुणाला सांगत नाही.

ट्रेनिंग संपल्यावर मला अड्याळकडच्या एका खेड्यात नेमणूक मिळाली. तोवर आणीबाणी जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण भीती कुठं गेली नव्हती. एका दुपारी एक माणूस धावत आला, बायको अडली म्हणाला. मी त्याला मागून यायला सांगून सायकलवर पुढे निघाले. त्याच्या गावाच्या तोंडाशी वाट फुटत होती आणि तिथं एक पोर उभी होती. घर विचारलं, तर तिनं डावीकडे बोट दाखवलं.

मी सायकलवरच थिजले. बोट खरं की खोटं? पोरीची हनुवटी थरथरत होती, पण माय अडलेली असली की खरं सांगणाऱ्या पोरीचीही थरथरते. उलट्या बाजूला जावं आणि बोट खरं असलं तर, भरवसा ठेवावा आणि ते खोटं असलं तर? त्या एका क्षणात मला जेवढी भीती वाटली तेवढी पुढे कुठल्याच बाळंतपणात वाटली नाही.

मी खाली उतरले आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. "मीबी तुह्याएवढी होतो तवा नर्सबाईले असंच बोट दाखवलं होतं," मी म्हटलं. "ते गेली मी दाखवलं तिकडं. माहा भाऊ मेला त्या दिवशी."

हे मी तोवर मायला सांगितलं नव्हतं, बापाला नाही, नवऱ्यालाही नाही.

पोरीचं बोट हळूहळू खाली आलं. मग ती उजवीकडच्या वाटेनं पळत सुटली, आणि मी सायकल तिच्यामागे दामटली.