अध्यक्षांच्या मुलाची रिकामी खुर्ची

देवाने पुरुषोत्तमबुवांना दोन सुखे दिली: कंठात नाम आणि घरात अवधूत. आठवडाभर लंडनमधल्या इल्फर्डच्या टपाल कचेरीत पत्रे लावणारे हात रविवारी चिपळ्या धरीत. बुवा मराठी मंडळाचे अध्यक्ष. आणि मुलगा? दारोदार पक्षाची पत्रके वाटता वाटता कौन्सिलर, म्हणजे तिथला नगरसेवक, झाला, दोन हजार सहाच्या निवडणुकीनंतर थेट कौन्सिलच्या निर्णय घेणाऱ्या कॅबिनेटमध्ये बसला! बुवांचा ऊर भरून येई.

मंडळाला मात्र छप्पर नव्हते. अकरा वर्षे शाळेच्या जेवणघरात टेबले सरकवून विठ्ठल उभा राही. निवडणुकीच्या पुढल्या वर्षी कौन्सिलने जुनी लायब्ररी भाड्याने द्यायला काढली आणि मंडळाने अर्ज केला.

"अध्यक्षांचा मुलगाच आत आहे. किल्ली आजच मागून घ्या, बुवा!" कॅबिनेटच्या सभेत प्रेक्षकांच्या बाकावर मंडळाचे चिटणीस जगदीशराव कुजबुजले. बुवा हसले. अवधूतच्या एका शब्दावर त्यांचा सारा भरवसा होता.

विषय पुकारला गेला. अवधूत उठला. आपले वडील या मंडळाचे अध्यक्ष आहेत, म्हणून आपण या निर्णयात भाग घेणार नाही, एवढे सांगून त्याने कागद मिटले आणि तो सभागृहाबाहेर गेला.

"गेला की हो! मंडळासाठी एक शब्द नाही?" जगदीशराव चडफडले.

बुवांच्या काळजात कळ आली. पण त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहता पाहता त्यांना फार वर्षांपूर्वीचे साउथहॅम्प्टन आठवले. यजमानांकडे कीर्तन झालेले, पानावर जिलेबी वाढलेली, आठ वर्षांचा अवधूत भुकेने कासावीस. ज्या घरी कीर्तन करावे, त्या घरचे पाणीही घेऊ नये, हा बुवांचा नेम. लेकराला उचलून त्यांनी गाडीत आणले आणि घरची पोळीभाजी भरवली.

बुवा उठले.

"अहो, अजून मतदान व्हायचंय!"

"होऊ दे."

कॉरिडॉरमधल्या बाकावर अवधूत एकटाच बसला होता.

"रागावलात, बाबा? मी आत थांबलो असतो तर..."

"तर साउथहॅम्प्टनची जिलेबी खाल्ल्यासारखं झालं असतं."

अवधूतचे डोळे भरून आले. "फार भूक लागली होती हो तेव्हा."

"ठाऊक आहे रे. मलाही."

दार उघडून जगदीशराव आले. "एका मतानं लायब्ररी गेली, बुवा. फक्त एका!"

बुवांनी क्षणभर डोळे मिटले. रविवारी पुन्हा टेबले सरकवायची होती. मग त्यांनी पिशवीतून पत्नी सुचेताबाईंनी दिलेला डबा काढला, पोळीत भाजी गुंडाळली आणि लेकाच्या हातावर ठेवली.

"घे बाळा. घरचं आहे."