मिस्त्रीची बिडी

दुष्काळात सोसायटीनं बायकांना कोंबड्या वाटल्या, तेव्हा खुराडी बांधायला वडवणीहून एक सुतार यायचा. सगळे त्याला नुसतं मिस्त्री म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही.

त्याच्या हातात कायम पेटलेली बिडी असे, पण ती ओढताना तो मला कधीच दिसला नाही. बिडी खुराड्यात धरायची आणि धूर कुठून बाहेर जातो ते बघायचं, हे त्याचं मोजमाप. खाली वारा यायला जाळी, वर पत्र्याखाली गरम हवा जायला फट. धूर आतच घुटमळला की पुटपुटे, "जीव गुदमरंल बिचारीचा," आणि फट वाढवी.

आमचं खुराडं भर दुपारी तयार झालं. मिस्त्री स्वतः आत शिरला, दार ओढून उकिडवा बसला. थोड्या वेळानं आतूनच आवाज आला, "काकू, लई खोकता तुमी."

"चुलीचा धूर हाय. सवय झालीय," आई म्हणाली.

तो उठून थेट स्वयंपाकघरात गेला आणि कुणाला न विचारता पत्र्याखालच्या दोन विटा पटाशीनं काढल्या. वडील ओरडले, "मिस्त्री, भिंत कावून फोडायलास?"

"कोंबड्यांचं झालं, काका. काकूंचं ऱ्हायलं होतं."

आता कोंबड्या नाहीत, चूलही नाही. परवा गिलावा करताना गवंडी ते भोक बुजवायला निघाला, तर आईनं त्याला थांबवलं. मग गॅसवर चहा ठेवला आणि वाफ तिकडं जातेय का, ते बघत उभी राहिली.