तो एक सभासद

धम्मपाल खरात मानपाड्यातल्या सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी. दर सोमवारी ते फळ्यावर लिहीत, ‘काही सभासद जिन्यात कचरा ठेवतात.’ लोक वाचून मान डोलावत आणि पिशव्या पुन्हा जिन्यातच ठेवत. ‘काही’मध्ये आपण कधीच नसतो, हे खरातांना फार उशिरा कळलं.

आता ते थकले होते. त्यांनी शेवटची सूचना लिहिली, ‘या घाणीला एक सभासद जबाबदार आहे. त्याचं नाव रविवारच्या सभेत सांगू.’ तो सभासद म्हणजे ते स्वतःच, अकरा वर्षांत जिना स्वच्छ करू न शकलेले सेक्रेटरी. आपलं नाव घ्यायचं आणि राजीनामा द्यायचा, एवढाच बेत होता.

शनिवारपर्यंत जिना लख्ख झाला. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या नीलाताई हळूच आल्या.

“खरातभाऊ, तो एक म्हणजे मी नाही ना?”

“नाही हो.”

“हुश्श! मग साठेच. मला वाटलंच होतं.”

त्या जातात न जातात तोच साठे आले, हेच विचारायला.

“आता तरी सुटा यातून,” बायको शकू म्हणाली.

“कसा सुटू? खरं नाव सांगितलं की सोमवारी पिशव्या परत जिन्यात.”

राजीनाम्याचा कागद खिशात ठेवून खरात जड पावलांनी फळ्याशी गेले. ‘रविवारच्या’ हा शब्द पुसून त्यांनी लिहिलं, ‘पुढच्या’.