डबी घेण्याआधी आईने विचारलेले प्रश्न

मंडळी, आज आईमुळे आपली कॉलर टाईट!

आई सध्या कॅनडात ताईकडे आहे; तिथून ती माझ्याकडे बहारीनला येणार आहे. गुडघेदुखीसाठी ताई तिला तिथल्या कायदेशीर गांजाच्या दुकानात घेऊन गेली. ताई लाजून मागेच उभी राहिली. आईने मात्र काउंटरवरच्या पंजाबी मुलीला हिंदीत सगळं विचारलं. एका गोळीत गांजा किती असतो? परिणाम किती वेळाने होतो? बीपीच्या औषधाबरोबर चालतं का?

"आधी डॉक्टरांना विचारा," मुलगी म्हणाली.

"आणि बहारीनला मुलासाठी नेता येईल?"

"देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, आंटी."

"मग खलास!" म्हणत आई रिकाम्या हाताने निघाली.

माझ्या पाठदुखीसाठी या गोळ्यांची एक डबी चकल्यांबरोबर आईच्या बॅगेत टाकायचं ताईने ठरवलं होतं. इथे बहारीनमधल्या हिद्द गावात फोनवर हे ऐकताना मला आईच्या हातात बेड्याच दिसल्या; इकडे गांजा सापडला तर थेट तुरुंग.

परक्याची वस्तू आपण बॅगेत घेत नाही. पण पोटच्या मुलीने दिलेल्या डबीबद्दल तुम्ही विचारलं असतं?